दादाचा पाट

अंधेरी, शुक्रवार, १२ ऑगस्ट १९५५

दिवाळी अंकाचे संपादक आत्ताच चहा पिऊन गेले, माझी कथा परत ठेवून. "बाई, भाषा छान आहे तुमची. पण ही मुलगी! पंधरा वर्षांची पोर, भाऊ खाडीत बुडालेला, आणि ही त्याचा पाट लाथेने उडवते? वाचकाला तिची दया यायला हवी. एकदा तरी रडवा तिला."

रडवा म्हणे! रडणं म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला? रोज जेवताना आई त्या बुडालेल्या मुलाचा पाट मांडते आणि जिवंत मुलीकडे बघतही नाही. अशी पोर तुसडी होणार नाही तर काय होणार? अख्खी गोष्ट ती रागातच सांगतेय. तो राग काढला तर तिच्याजवळ सांगायला उरतं काय? हे त्यांच्या तोंडावर का नाही बोलले मी? उलट "बघते" म्हटलं. बघते! शी.

आणि तो पाटही काढा म्हणाले. मनोरीच्या खाडीवर गेलेला माझा दादा परत आला नाही, तेव्हा त्याचा पाट उडवणारी मीच होते, हे त्यांना कशाला सांगू?

कपबशा घेऊन आत गेले. आई हल्ली माझ्याकडेच असते. भाजी निवडत होती, सगळं ऐकलं होतं तिने. इतक्या वर्षांत त्या पाटाबद्दल ती अवाक्षर बोललेली नाही. मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांग, ती रडली नव्हती. मी होते तिथे."