माहेरासाठी राखून ठेवलेलं दुखणं

प्रिय ताई,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेच आहे, पण आज कागद घेतला तो तुझ्या लेकीमुळे. सकाळी मुक्ताचा लंडनहून फोन आला. गालाच्या आत फोड आलाय म्हणे, बरेच दिवस झाले, बरा होतच नाही. मी म्हटलं, "मग दाखव की डॉक्टरला!" तर म्हणते, "मावशी, टेन्शन मत लो ना. दिवाळीत ग्वाल्हेरला येतेच आहे, तेव्हा पाटणकर बाजारात आपल्या दातांच्या डॉक्टरसाहेबांना दाखवते."

अगं, तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात!

तुझं माहेरपण असंच असायचं, नाही का? बाकीच्या मुली माहेरी येऊन लोळतात; तू वर्षभराची दुखणी साठवून आणायचीस. तिकडे लंडनात दाताच्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत दातच पडून जाईल, म्हणायचीस. इथे दौलतगंजातल्या घरून चालत निघालीस की जेवायच्या आत दाढ भरून परत. "एक टिकट में दो काम, सुमे!"

आणि ते खोटं नव्हतं गं. तुझी ती गोरी शेजारीण आठवते? हिंदीत फक्त 'अच्छा' येणारी? तिला सोबत आणून तिचे पुढचे दात तू इथेच बसवून घेतलेस, आणि नवे दात मिळाल्यावर बाईनं पहिल्यांदा काय खावं, तर ती कडक, तिळाची गजक! माझा जीव टांगणीला. पण दात हलले नाहीत. आपल्या डॉक्टरसाहेबांचा हात किती हलका, हे ती तिकडे सगळ्यांना सांगत सुटली. तू तर अशी मिरवत होतीस, जसं काही तूच बसवलेस.

मग ते जिभेच्या कडेचं पांढरं. उन्हाळ्यात फोनवर सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "थंडीत येतेच आहे ना." का गं? तिथे डॉक्टर नव्हते? दाढेसाठी माहेरची वाट बघणं वेगळं आणि ते पांढरं घेऊन महिनोन्‌महिने बसणं वेगळं, हे तुझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईला कोणी सांगायचं?

थंडीत आलीस, डॉक्टरसाहेबांनी तोंडात आरसा घातला आणि लगेच काढून बाजूला ठेवला. "दीदी, ये दाँत का मामला नहीं है." बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "जाताना भाजी घ्यायची का?" त्या प्रश्नाचा मला अजून राग येतो. रडली असतीस तर मलाही रडता आलं असतं.

पुढच्या होळीला तू नव्हतीस.

म्हणून आज मुक्ताला ठणकावून सांगितलं, "तिथे दाखवल्याशिवाय आलीस तर मी दार उघडणार नाही." पोरगी रडली. म्हणाली, "आई गेल्यावर आता तूच तर आहेस, मावशी." आणि फोन ठेवून दिला.

तुला शब्द देते, ताई. ती डॉक्टरसमोर तोंड उघडेपर्यंत मी रोज फोन करणार. रागावू दे, शिव्या देऊ दे. दिवाळीच्या फराळाला तोवर हात लावणार नाही.

आणि तरीही ती तशीच बॅग घेऊन दारात उभी राहिली तर? उघडेनच गं, तुला काय सांगायचं! पण हे तिला कळू देऊ नकोस.

तुझी,
सुमी