आउनेमावशीच्या धक्क्यापर्यंतची भेग

ती. आउनेमावशीस ओस्मोचा सा. न.

तुझा गुडघा कसा आहे? मांजर व्यालं का? इकडे आम्ही खुशाल, म्हणजे माझी नोकरी अजून आहे. फोन केला होता, पण तू "गाढवा!" एवढंच म्हणून ठेवलास. म्हणून बचाव पथकाच्याच होडीने हे पत्र पाठवतोय. रविवारी तीच हवेच्या गादीवर चालणारी होडी भोंगा वाजवत बर्फावरून आली आणि चार हेल्मेटवाल्यांनी आमच्या किनाऱ्यावरच्या तौनोकाकांना ट्रॅक्टरवरून उचलून तुझ्या अंगणात आणून ठेवलं, त्याला कारण मी.

तुला ठाऊकच आहे, उपग्रहाच्या रडारने काढलेली गोठलेल्या समुद्राची चित्रं मी दिवसभर बघतो. राखेवर खसखस उधळावी तसे नुसते ठिपके. (आई म्हणते, "यासाठी सहा वर्षं शिकलास?") माझा प्रोग्रॅम ते ठिपके गाळतो आणि सारखं दिसणारं एकत्र करून तुकडे पाडतो: हा सपाट बर्फ, हे उंचवटे, हे पाणी, ही भेग. जानेवारीत किनाऱ्यापासून तुझ्या धक्क्यापर्यंत एक बारीक रेघ दिसायला लागली. मी गाळणी आणखी बारीक केली, तर शेजारचं अख्खं बेट पुसलं गेलं (तिथल्या पाद्रीबाईंचा फोन आला), रेघ मात्र जागच्या जागी. बर्फ पडला की पुसट व्हायची, रविवार उलटला की पुन्हा ठळक. मी दोन पानी टिपण लिहिलं, की ही भरती-ओहोटीने दर आठवड्याला उघडणारी भेग आहे. आमच्या ऑफिसातल्या रितवाबाई शांतपणे म्हणाल्या, "ओस्मो, आपल्या आखाताला भरती-ओहोटी आहेच कुठे?" तरी मी ती नकाशावर चढवली आणि पथकाला कळवलं. तू तिथे बेटावर एकटी असतेस, मावशी. मला झोप येईना.

उचलल्यावर तौनोकाका पथकाच्या बिनतारी यंत्रावर ओरडले, "भेग कसली? रस्ता आहे तो! मी केलाय, दर रविवारी बर्फ लोटून! आउनेला एकटीला कॉफी जात नाही!" ते यंत्र किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याच्या स्वयंपाकघरात चालू असतं. आमच्याही. आई आधी भडकली, "सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही!" मग ओट्याकडे तोंड करून बराच वेळ एकच कप पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हिवाळ्यातली सगळी चित्रं ओळीने लावली. पहिल्या चित्रात रस्ता अर्ध्यात येऊन मागे फिरलाय. दुसऱ्यात तुझा धक्का दिसेल इतका जवळ येऊन मागे फिरलाय. तिसऱ्यात पोचलाय. मावशी, तुझे यजमान गेल्याला अकरा हिवाळे झाले. मी त्या चित्रासमोर बसून राहिलो. रितवाबाईंनी कॉफी आणून ठेवली. प्रोग्रॅममध्ये आता 'रस्ता' हा नवा प्रकार घातलाय.

तुझा (गाढव)
ओस्मो

ता. क. हेल्मेटवाल्यांना तुझी राय धान्याची भाकरी फार आवडली. आणखी कुठे भेग आहे का, असं रोज विचारतात.

ता. क. २. खरं सांगायचं ते राहिलंच. आजच्या चित्रात रस्त्याच्या मध्यावर काळा डाग आहे. रडारला पाणीही काळं दिसतं आणि गुळगुळीत बर्फही. जाऊन भोक पाडून पाहीपर्यंत रस्ता बंद धरायचा, असा नियम आहे. तेव्हा तौनोकाकांना ठेवून घे. मेमध्ये बर्फ वितळला की होडीने परततील. परतायचंच असेल तर.

ता. क. ३. भोक पाडायचं काम माझं आहे. मला मेपर्यंत सवड नाही.