टाकी सुकेपर्यंत

विजयदुर्ग, ३ फेब्रुवारी

चि. गुरुदास यास सत्यवतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र टाकायला तुला सवड नसते, म्हणून मीच लिहिते. फोन घे, फोन घे म्हणून तू मागे लागतोस. जिला शाळेची घंटा निवृत्तीच्या आधीच ऐकू येईनाशी झाली, त्या बाईने फोन घेऊन काय त्याला हळदकुंकू वाहायचं? कानातलं यंत्रही काढून ठेवलं आहे. त्यात नुसता समुद्र वाजतो, आणि तो मला खिडकीतून दिसतोच. डोळे शाबूत आहेत तोवर पत्रं चालू राहतील.

भराडीच्या जत्रेची तारीख ठरल्याचं कळलं. मला न्यायला दोन-तीन दिवस आधी ये, आणि आपल्या गाडीने ये. गेल्या वर्षी मी एसटीतून उतरले तेव्हा तुमच्या वाडीतली काशीबाई हवेतच स्टिअरिंग फिरवून, भावाची गाडी कुठे असं खुणेने विचारून हसली होती. बहिऱ्या माणसाचा अपमान करायलाही लोक हातवारे शिकतात.

तुझी बायको कुरकुर करील, तिकडे लक्ष देऊ नकोस. इन्सुलीची ती. चेकनाक्याच्या गावची माणसं, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून डिकी उघडायला लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. अण्णा तुझ्यासाठी मुली बघत होते तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं की नाक्यावरची मुलगी आणू नका, आपल्याच घरात पास काढून फिरावं लागेल.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला न्हाऊमाखू मी घातलं. हे गेल्यापासून मला तुझ्यावाचून कोणी नाही. वर्षातून एकदा माहेर मागते, तेवढं मोडू नकोस.

आहे तो लोभ आटू देऊ नये,
तुझी आक्का

*

मसुरे, ६ फेब्रुवारी

ती. स्व. आक्का हिस गुरुदासचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तू रागावशील, पण आधीच सांगतो. गाडीची पेट्रोलची टाकी गळते आहे. ती गाडीच्या पोटाखाली असते आणि आपल्या गाडीची प्लास्टिकची आहे. लोखंडी पट्टा तिला आवळून धरतो तिथे केसाएवढी चीर गेली आहे. अंगणभर वास. कोंबड्या अंगण सोडून गोठ्यात राहायला गेल्या आणि मी विडी ओढायला पार व्हाळाच्या पाण्यापर्यंत जातो.

उपाय करून झाले. कपड्यांच्या साबणाची वडी चिरेवर घासली, ती बांदिवड्याच्या रस्त्यातल्या खड्ड्यांपर्यंत टिकली. दुकानातली भेगा भरायची लांबी मळून लावली, तर ती पापडासारखी सोलून हातात आली. या मेणचट प्लास्टिकला काही चिकटतच नाही. नवी टाकी म्हणशील तर गाडीचं मॉडेल बंद झालं तशी टाकीही बंद झाली. कोल्हापूरच्या भंगारात एक सापडली, ती आमच्या टाकीहून म्हातारी.

मालवणचा गुरुप्रसाद मेकॅनिक म्हणतो की टाकी उतरवून चिरेवर बारीक जाळी ठेवायची आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने तसलंच प्लास्टिक वितळवून तिच्यावर बसवायचं. पण पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत राहते, प्लास्टिकच्या अंगातही मुरते. तिला चटका लागला की भडका. म्हणून साबणाच्या पाण्याने धुऊन आठ दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात सुकवायची, आणि डाग देताना आत चिरेच्या खालपर्यंत पाणी भरून ठेवायचं. त्याच्याकडे आधीच्या दोन गाड्या आहेत, त्यामुळे आपलं काम जत्रेनंतरच. मी घाई केली तर म्हणाला, तुका जीव जड झालो आसात तर घराक न्हे आणि तूच कर, माका बायल-पोरां आसत.

स्वप्ना म्हणते की ती स्वतः एसटीने येऊन तुला घेऊन येईल, पिशव्याही तीच उचलील. एवढं या वर्षी ऐक.

आशीर्वादाचा हात असाच राहो,
तुझा गुरुदास

*

विजयदुर्ग, १० फेब्रुवारी

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. पेट्रोलच्या टाकीला आठ दिवस ऊन आणि शेक! तुझ्या घरात बाळंतिणीची खाट कधी पडली नाही, ती हौस टाकीवर भागवून घेतो आहेस काय? दुधाचं भांडंसुद्धा दोनदा विसळलं की आपण स्वच्छ म्हणतो. दोनदा खळबळून धू, उन्हात पालथी घाल आणि लाव डाग. सोल्डरिंग तुझ्याकडे आहेच, विहिरीवरच्या पंपाच्या वायरी जोडायला माझ्यासमोर घेतलं होतंस.

लहानपणी लवंगी फटाक्याला घाबरून माझ्या पदराखाली शिरायचास. आता पन्नाशी आली, पदर तेवढा बदलला. मेकॅनिकने भीतीचे दोन शब्द घातले, बायकोने चार घातले, आणि आमचे गुरुदासराव व्हाळाकाठी विडी ओढत बसले.

तिला मला न्यायला पाठवू नकोस. पोलिसाबरोबर आरोपी जातो तशी मी माहेरी येणार नाही. तू या खेपेला गाडी घेऊन आला नाहीस तर मसुऱ्याची वेस मला बंद झाली असं समजेन. मेले तरी कळवायला कोणी येणार नाही, अशी व्यवस्था करून ठेवीन.

कळावे, आणि कळलं असेल तर वळावे,
आक्का

*

मसुरे, १४ फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास शि. सा. न.

तुझं पत्र मी लपवलं होतं, पण स्वप्नाने वाचलं. तेव्हापासून ती बोलत नाही.

टाकी काल उतरवली. दोनदा नाही, तीनदा धुतली. आता उन्हात आहे. परवा रविवारी सकाळी डाग देतो. आत पाणी भरलं तर प्लास्टिक नीट वितळत नाही, त्यामुळे कोरडीच घेईन. बुधवारी तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवतो. तुला ऐकू येणार नाही, तेव्हा खिडकीत बस.

वेस बंद करू नकोस गो.

तुझाच,
गुरुदास

*

विजयदुर्ग, २३ फेब्रुवारी

गुरुदास,

बुधवारी खिडकीत बसले. गुरुवारी बसले. शुक्रवारी समोरच्या सलोनीने येऊन खुणेने विचारलं, कोणाची वाट बघता? मी होडीकडे बोट दाखवलं. काल जत्रा झाली. देवीची ओटी पिशवीतच आहे, नारळाला कोंब येईल आता.

येत नाही असं सांगणाऱ्या दोन ओळी लिहायला हात झडले का तुझे? की लिहिल्यास आणि नाक्यावर अडकल्या? एक भाऊ होता, असं मी यापुढे लोकांना सांगेन.

सत्यवती

*

मसुरे, १० मार्च

ती. वन्संना सौ. स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आजवर तशी गरज पडली नाही.

त्या रविवारी सकाळी त्यांनी टाकी मांडीशी घेतली आणि चिरेवर वाकून सोल्डरिंग टेकवलं. मी विहिरीवर होते. आवाज असा झाला की तुम्हीसुद्धा ऐकला असता. हात कोपरापर्यंत भाजले. कातडी येईल, पण बोटं वळणार नाहीत. डोळे गेले, दोन्ही. गोव्याच्या डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं आणि गेल्या आठवड्यात आम्हाला घरी पाठवलं.

तुम्हाला कळवलं नाही. वाडीतली दोघं विजयदुर्गला निघाली होती, त्यांना मी अडवलं. नाक्याच्या गावची आहे, येतं मला ते.

तुमची पत्रं मी त्यांना रोज वाचून दाखवते. दुधाचं भांडं वाचलं, लवंगी वाचली, हात झडले का तेही वाचलं. बाळंतिणीच्या ओळीला माझा आवाज चिरकला म्हणून ती पुन्हा वाचली. ते तोंड भिंतीकडे करून ऐकतात. वाईट मला वाटतं, वन्सं, पण तुमच्यासाठी नाही.

तुम्ही आता एसटीत बसाल, हे मला ठाऊक आहे. जरूर या. तुम्ही बोललेलं त्यांना ऐकू जाईल. पण ते काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू येणार नाही आणि त्यांना लिहून दाखवता येणार नाही. माझ्याखेरीज ते कोणाशी बोलतही नाहीत. तेव्हा तुमच्या माहेरची वाट आता नाक्यावरूनच जाते. पास मी देईन तेव्हा.

काल संध्याकाळी कोंबड्या अंगणात परत आल्याचं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाले, आक्काला एक ओळ लिही. कोणती, ते त्यांनी सांगितलं आणि पुन्हा पुन्हा विचारलं, लिहिलीस ना? मी हो म्हटलं.

ती ओळ या पत्रात नाही.

आजवर जेवढा लोभ केलात तेवढाच परत करते,
सौ. स्वप्ना

*

विजयदुर्ग, १४ मार्च

चि. सौ. स्वप्ना हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

पत्र मिळाल्याबरोबर निघाले होते. देवगडला एसटी बदलायची, तिथे बाकावर बसले आणि परत आले. तो बोलेल आणि मी त्याचे हलणारे ओठ बघत बसेन, हे मला झेपणार नाही. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमतही झाली नाही.

सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आहे. ती ओळ लिही. शिवी असली तरी लिही. तुला माझ्यावर जेवढा सूड घ्यायचा तेवढा घे, मी काही म्हणणार नाही, पण कार्ड कोरं ठेवू नकोस. तू मनाने काहीही लिहिलंस तरी ते त्याचंच म्हणून मी उशाशी ठेवीन. खरं-खोटं तपासायला मला कुठून येणार, हे तुला माहीत आहे, आणि मलाही.

मी खिडकीत बसले आहे. पोस्टमन समोरूनच येतो.

सत्यवती