वाढायला कोणी आलंच नाही

शनि., ८ फेब्रु.
मुलगी बघायला येतात म्हणजे घरी येतात, पोहे खातात, जातात. ही मंडळी कल्याणची. मामाने स्थळ आणलंय, त्याचाच फोन. "हायवेवरच्या हॉटेलात बोलावतायत. उद्या अकराला. ब्रंच." बाबा म्हणाले, "म्हंजे न्याहरी का जेवान?" मामाला माहीत नाही. मलाही धड नाही. लेबनीज आहे म्हणे. आईचा गुडघा धरलाय, ती घरीच. बाबांनी टोपी धुवून वाळत घातलीय.

रवि., ९ फेब्रु., संध्या.
डोकं फिरलंय. लिहून काढते, नाहीतर भांडी आपटत बसेन.

बाबा नुसत्या चहावर निघाले. "जेवायला बोलावलंय, पोट भरून जाव नये." मामा, बाबा आणि मी, शेणव्याहून शहापूर, पुढे रिक्षा. हॉटेल सगळं काचेचं. मुलगा हर्षल (यापुढे ह.), त्याचे आईवडील. नमस्कार झाले. ह.ची आई म्हणाली, तुम्ही दोघं तिकडे बसा, बोला. म्हणून आम्ही खिडकीशी. बाकीची मंडळी माझ्या पाठीमागे.

लांबलचक टेबलावर मांडलेलं, आपापलं घ्यायचं. काबुली चण्याची गुळगुळीत चटणी, तिचं नाव हमस. फुगलेल्या रोट्या. फलाफल म्हणजे आपला डाळवडाच. भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात तीळ वाटून. खोटं कशाला लिहू, आवडलं मला. ह.सुद्धा बरा बोलला. माझी लॅबमधली नोकरी सोड म्हणणार नाही म्हणाला. मी खुशीत होते.

निघताना ह.च्या आईने बाबांना विचारलं, "झालं ना पोटभर?" बाबा म्हणाले, "झालं, झालं."

घरी आल्यावर बाबा तांब्याभर पाणी प्यायले आणि आईला हळूच म्हणाले, "भाकर उरलीय का गो?"
"जेवून आलाव ना तुमी?"
"वाढायला कोणी आलंच नाय."

तिथे समोर काटा, चमचा आणि घडी घातलेला कागदी रुमाल. आणि माणूस बसून.

सोम., १० फेब्रु.
मामाला धरला. म्हणे, "अगं, मला वाटलं त्यांना भूक नाय." स्वतः बकलावा, ती पाकातली मिठाई, तीनदा आणला. ताटाशेजारी मेव्हणा बसलाय, त्याचं पान कुठाय ते दिसलं नाही.

आमच्यात बोलावणारा वाढतो. पाहुणा आपण होऊन भांड्यात हात घालत नाही. गावातल्या कुठल्याही लग्नात बाबा भाताची पाटी घेऊन पंगतीत वाकलेले असतात, "अजून घे रे, लाजतोस काय" करत. त्या माणसाला कोणी "उठा, घ्या" म्हटलं नाही. सांगितलं असतं तर सांगणाऱ्याची जीभ झिजली असती का?

बाबांना राग नाहीच. त्याचाच मला जास्त राग. "त्यांची पद्धत येगळी. मला वाटलं आणतील अजून. मंग ते सगळेच उठले." वर, "पोरगा बरा हाय. होय सांग."
थोड्या वेळाने आईला म्हणाले, तिथं भरताचा वास लय चांगला येत होता.
मी मागच्या दारी जाऊन रडले. रागाने.

बुध., १२ फेब्रु.
ह.चा फोन. सगळं सांगितलं, मऊ न करता. तो म्हणतो, "मी बघितलं होतं."
माझी पाठ होती. तोंड त्याचं होतं बाबांकडे.
"मला वाटलं उपास असेल. विचारायचं कसं, आईसमोर..."
माहीत नसणं एक. बघून खात राहणं हे काय? फोन कापला.
परत आला. रविवारी येऊ का, एकटा? म्हटलं, ये.

रवि., १६ फेब्रु.
बाबांनी सकाळीच बजावलं, "त्याला एक शबुद बोलायचा नाय." ठीक. बोलले नाही.

आईने भरीत केलं, वालाची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या. बाबा आणि ह. पाटावर. वाढायला मी. बाबांचं ताट पूर्ण वाढलं. ह.पुढे ताट ठेवलं ते रिकामं, आणि चुलीशी जाऊन उभी राहिले. मुद्दाम. बस म्हटलं, कळू दे.

ह.ने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कळलं त्याला. मान खाली.

आणि मी विसरलेच. पाहुण्याआधी बाबा घास मोडत नाहीत. ते वाढलेल्या ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसले. ह. म्हणाला, "बाबा, तुम्ही घ्या ना." बाबा म्हणाले, "तुमचं पान रिकामं हाय."

मी भाकरी घेऊन पुढे येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी उचलून त्याच्या ताटात ठेवली. भरीतही. "घ्या. आमच्या पोरीचा हात आज जड झालाय." मग आग्रह सुरू. ह. डोळे पुसत खात होता. मिरचीने म्हणाला. आईच्या भरतात मिरची नसते.

जाताना मला म्हणाला, "त्या दिवशी उठायला हवं होतं मी." हो, हवं होतं. एवढंच म्हटलं.

बाबा ओसरीवरून विचारतायत, मामाला काय कळवू? म्हटलं, थांबा. "थांबतो की," म्हणाले. थांबतीलही, कितीही. तेच मला सहन होत नाही.