मस्का

ब्रह्मपुरी, रविवार, संध्याकाळ

काल माझ्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आज निर्माते घरी येऊन म्हणाले, "भाऊ, तिसऱ्या अंकात मी रडलो ना!" तिसऱ्या अंकात ते मंडपाबाहेर चहा पीत होते. मी स्वतः पाहिलं. तरी हसून "आभारी आहे" म्हणालो. काऊन?

ते गेल्यावर बायको म्हणाली, "मस्का लावून राह्यले तुम्हाले. अन् तुम्ही लावून घेऊन राह्यले!"

शब्द अचूक आहे. खुशामत मोठ्या माणसाची होते, मस्का कामापुरता लावतात. त्यांना पुढचं नाटक पाहिजे. पण चहा, तोही बशीत ओतून, सावकाश!

बायकोनं तिसरा अंक पूर्ण पाहिला. कसा वाटला, हे तिला अजून विचारलेलं नाही. दोनदा स्वयंपाकघरात गेलो आणि नुसतं पाणी पिऊन परत आलो.