गुरुवारी मी दिसलो नाही तर

लिहून ठेवतो तो मी, वय सत्तावीस, शिक्षण आठवी आणि नववीचे थोडे, धंदा काठी चालवायला शिकवणे, सगळीकडे भिंगरी या नावाने ओळखला जाणारा. माझे डोके ठिकाणावर आहे, मी काही प्यालेलो नाही आणि हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढे ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असे लिहायची पद्धत आहे, असे कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याने सांगितले. ते मला खोटे लिहावे लागेल. दडपण आहे. पण ते मृत्युपत्र करण्यासाठी नाही, तोंड बंद ठेवण्यासाठी आहे.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण नावावर काही नव्हते. आताही फारसे नाही. घरमालकीण मावशी म्हणाल्या, “तुझ्या मागे राहणार काय आहे रे? खोलीतली झुरळं? ती माझी आहेत.”

कलम एक. हे सर्वांत महत्त्वाचे म्हणून आधी. येत्या गुरुवारी अकरा वाजता मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. तिथे मी दिसलो नाही, तर मी पळालो असे कोणीही समजू नये. आजवर सहा गावे सोडली, एकही सांगून सोडले नाही. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा अर्ध्या ताटावरून उठून दुसऱ्याच ट्रकमध्ये चढलो, का, तर त्याच्या मागे रंगवलेले वाक्य आवडले. ते वाक्य आता आठवतही नाही. ते असो. सांगायचे हे की ‘गेला असेल भिंगरी कुठेतरी’ म्हणून मला कोणी शोधणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि दडपण आणणाऱ्या लोकांनाही ठाऊक आहे. म्हणून लिहितो: खोलीत माझ्या चपला नसल्या, पिशवी नसली, अगदी माझ्या अक्षरातली चिठ्ठी सापडली, तरी मी गेलेलो नाही. मला नेलेले आहे. त्याच दिवशी मावशींनी पोलिसांत तक्रार द्यावी. त्या बोलायला लागल्या की समोरच्याला लिहून घ्यावेच लागते.

कलम दोन. साक्ष कशाची ते. मी गुरुवारपर्यंत राहिलो नाही तर हे कलम कोर्टाने माझे बोलणे म्हणून वाचावे. चालते की नाही ते टायपिंगवाल्यालाही सांगता आले नाही.

या घराच्या गच्चीवर मी शिलाई-कारखान्यातल्या बायकांना वर्ग घेतो. सुटी झाल्यावर येतात, अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच. मला शिकवले ते उस्तादांनी, गोदामावर चाळीस वर्षे पहारा केलेला माणूस. त्यांचा पहिला धडा एकच, काठी सोडली की माणूस गेला. हात तुटला तरी मूठ सुटायची नाही. मी तोच धडा उचलला आणि पर्सला लावला. वाळू भरलेली पिशवी, एकीने ओढायची, दुसरीने सोडायची नाही, मी तीसपर्यंत आकडे म्हणायचो. तीसपर्यंत टिकली तिला टाळ्या. काजवाली नेहमी टिकायची. ती कारखान्यात शर्टांना काजे करते. करायची.

एके दिवशी पाच वाजता, लख्ख उजेडात, औषधाच्या दुकानासमोर डाव्या कानात बाळी घातलेल्या माणसाने तिची पिशवी ओढली. पिशवीत रिकामा डबा आणि छत्री. तिने सोडली नाही. त्याने चाकू काढला तरी सोडली नाही. उजव्या मनगटाच्या आतल्या शिरा तुटल्या, आता तिच्या बोटांत सुई ठरत नाही. इस्पितळात मला म्हणाली, “सर, मी मनात आकडे मोजत होते. एकवीसपर्यंत आले.”

मी तेव्हा तिथेच होतो. वीस पावलांवर. हातात काठी होती. मी हललो नाही. सहा गावांत सहा तऱ्हांचे लोक मला म्हणाले की याचे पाय एका जागी ठरत नाहीत, आणि त्या दिवशी ठरले. बाळीवाला माझ्या अंगावरून गेला, हातभर अंतरावरून. हनुवटीवर टाके घातल्याची खूण आहे, दोन इंचांची, तिरपी. ओळखण्यात माझी चूक होणार नाही. हे मी काजवालीलाही सांगितले आहे, काठीसकट उभा राहिलो तेही. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही त्याला नीट बघितलाय.”

कलम तीन. माझ्या सहा काठ्या आणि गच्चीवरचा वर्ग काजवालीने घ्यावा. सात होत्या. गेल्या आठवड्यात दोन माणसे येऊन पाण्याच्या टाकीवर बसली, बायका जाईपर्यंत थांबली. एक म्हणाला, “सर, तुमच्या पायाला भिंगरी आहे म्हणे.”

“होती.”

“मग फिरा की. तिकीट आम्ही काढतो. परतीचं नाही काढत.”

दुसऱ्याने सातवी काठी गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे भिंतीला नीट टेकवून ठेवले.

वर्गासाठी अट अशी. वाळूची पिशवी ठेवावी, पण धडा उलटा. पिशवी एका बाजूला फेकायची, आपण दुसऱ्या बाजूला पळायचे. पिशवी दुसरी मिळते. आणि ओरडायचे. ओरडायची लाज आधी घालवावी, त्याला महिना लागतो. नुसते ‘वाचवा’ म्हणू नये, सगळे दुसऱ्याकडे बघतात. एकाला धरून बोलावे, ‘अहो, निळा शर्ट, तुम्ही या’. काठी शेवटी, दुसरा रस्ताच उरला नाही तर. काजवालीने डाव्या हाताने शिकवावे. उस्ताद म्हणायचे, डावखुऱ्याचा वार कळत नाही.

कलम चार. पत्र्याची पेटी माझ्या ताईला. पेटीत काय आहे ते तिने एकटीने बघावे, फार काही नाही, आईची चाळिशी आणि माझे आठवीचे गुणपत्रक. पेटीच्या तळाशी मेहुण्यांचे मनगटी घड्याळ आहे. ते हरवले म्हणून नऊ वर्षे त्यांनी शेजाऱ्याशी वैर धरले. मी नेले होते. शेजाऱ्याची माफी त्यांनी मागावी, त्यांची मी मागतो. मात्र ‘हा कुत्र्याच्या मौतीने मरणार’ असे ते ताटावर बसून म्हणाले होते, ते मी विसरलेलो नाही. खरे ठरले तर त्यांनी तेराव्यालाही येऊ नये.

कलम पाच. औषधवाल्याला मी काहीही ठेवलेले नाही. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराला काही ठेवायचे नसते, असे टायपिंगवाला म्हणाला. नसता म्हणाला तरी ठेवले नसते. काजवाली त्यांच्या पायरीवर पडली होती आणि त्यांनी शटर ओढून घेतले. आतून. कापूस, पट्ट्या, सगळे आत. पोलिसांना म्हणाले, मी हिशेबात होतो, काही पाहिले नाही. तरी त्यांना बोलावले, कारण या गल्लीत लिहिता-वाचता येणारे आणि मला ओळखणारे दुसरे कोणी सही करायला तयार नाही. हेही नव्हते. मावशींनी आणले.

कलम सहा. कायमचा पत्ता. ही जागा मी आजवर प्रत्येक फॉर्मवर कोरी सोडली. मावशींना विचारले, तुमच्या घराचा लिहू का. म्हणाल्या, “लिही. पण मग सांगितल्याशिवाय हलायचं नाही.” लिहिला आहे: जिन्याखालची खोली, मावशींचे घर.

दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत. औषधवाल्यांनी कागद वाचला, पाचवे कलम दोनदा. मग विचारले, “ही सही केली म्हणजे मला कोर्टात बोलावतील?”

“हा मेला तर बोलावतील,” मावशी म्हणाल्या. “सही याचीच का, एवढंच विचारायला.”

“आणि नाही मेला तर?”

“तर कोणी बोलावणार नाही. पाहिलं ते सांगायला आपल्या पायांनी जावं लागेल.”

ते टोपण काढून पेनकडे बघत बसले आहेत. काजवाली दारात उभी आहे. तिलाही सही करायची होती, डाव्या हाताने घोटून आली होती. पण काठ्या तिच्या नावावर आहेत, म्हणून चालत नाही. मी आता सही करतो.

ठिकाण: वरीलप्रमाणे. दिवस: मंगळवार, संध्याकाळचे साडेपाच.

सही: भिंगरी (पाळण्यातले नाव सोबतच्या ओळखपत्रावर)

साक्षीदार पहिली, घरमालकीण: माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहे, शहाणा नाही.

साक्षीदार दुसरा, औषधविक्रेता: माझ्यासमोर सही केली. मी फक्त या कागदापुरता साक्षीदार आहे.