युलानच्या लग्नाची पत्रिका

कर्जत, मंगळवार

तीर्थस्वरूप तात्या (आणि पत्र तुमच्याकडे मोठ्याने वाचलं जाणारच, म्हणून वहिनी व ओटीवर बसलेले लोधिवलीचे समस्त आप्तेष्ट),

पत्रिकेत ज्यांची नावं आली नाहीत अशा माझ्या बंधुभगिनींनो! अन्याय झाला आहे, आणि तो आपल्या सर्वांवर सारखाच झाला आहे. तीनशे बारा नावं छापली गेली. त्यांत तात्या नाहीत, वहिनी नाहीत, आणि ही तीनशे बारा माणसं अकरा वर्षं खपून जिने चिनीतून मराठीत आणली ती तुमची विमलही नाही. अनुवादकाचं नाव गाळण्याबद्दल मी दीड तास बोलू शकते, पण आज बोलत नाही.

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींनी मीठ कमी केलं का? (तुमचं.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

फोनवर तुम्ही म्हणालात की चीनमधल्या घोडेवाल्याचं नाव छापतेस आणि सख्ख्या भावाचं नाही, तर यापुढे तुझ्या घरचा उंबरा चढणार नाही. एवढं बोलून फोन ठेवलात. वडील गेल्यापासून मला माहेर म्हणून तुम्हीच आहात, तेव्हा बोलणं अर्धवट ठेवणं मला परवडत नाही. ऐका. लग्न नाही. कुणाचंच नाही. झालं असेल तर चारशे वर्षांपूर्वी झालं, आणि तेही कादंबरीत.

या जुन्या चिनी कादंबऱ्या म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्हाला ठाऊक नाही. एकेका माणसाला तीन नावं: जन्माचं वेगळं, मोठेपणीचं वेगळं, लाडाचं वेगळं. मराठी वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. त्यात इंग्रजीवाल्यांनी सगळे नातेवाईक ‘कझिन’ नावाच्या एकाच पोत्यात कोंबले. चिनी माणूस चुलतभाऊ निराळा धरतो, मामेभाऊ निराळा धरतो, आपणही धरतो. मग मी विचारते, कर्जतच्या माणसाने चीनला लंडनवरून का जायचं? (वाचनालयाच्या सभेत हे मी चाळीस मिनिटं विचारलं. अध्यक्षांनी तीनदा घड्याळ पाहिलं.)

विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की नावांच्या गर्दीला न घाबरता मराठी माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लग्नपत्रिका. कोण निमंत्रक, कोण नुसता प्रेषक, कुणाला व्यवस्थापकांत ढकललं, एका नजरेत कळतं. तेव्हा पहिल्या खंडाच्या आरंभी पात्रांची यादी पत्रिकेसारखी द्यायची. पाचव्या अध्यायात शेन घराण्याच्या युलानचं लू घराण्यातल्या वेनशानशी लग्न आहेच!

स्टेशनजवळच्या किरणला मी एवढंच सांगितलं, ‘पत्रिकेसारखं मांड.’ त्याने छापखान्यात आयुष्यभर पत्रिकाच छापल्या आहेत. वर गणपती घातला. सेनापतींना प्रेषकांत बसवलं. दासींना ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणायला लावलं. मग फोन केला, की स्थळ आणि मुहूर्त राहिलाय. मी त्या वेळी अठ्ठावन्नाव्या अध्यायात थोरल्या आजीसाहेबांना मारत होते (तिसऱ्यांदा, पहिली दोन मरणं मराठीत जमली नव्हती). मी म्हटलं, नेहमी घालतोस ते घाल. त्याने दहिवलीचा हॉल घातला, पुढच्या महिन्याच्या सहा तारखेचा गोरज मुहूर्त घातला, आणि दिवस थोडे उरले म्हणून, प्रकाशन समारंभासाठी मी देऊन ठेवलेल्या एकशेचाळीस पत्त्यांवर पत्रिका रवाना केल्या. पाठवणार म्हणून पाकिटावर माझं नाव!

लोकांनी अर्थ लावला तो असा: माझ्या लेकीने, तनयाने, चिनी मुलगा पसंत केला, आणि लग्नात नाव बदलतातच, तर तिचं युलान ठेवलं.

काल सकाळी भाजीवाली जिजा टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, “बाय, जावई चायनाचा हाय म्हनं. भात खातो का नाय गं?”

मी म्हटलं, चिनी लोक भातच खातात.

“मंग झालं! आपल्यातलाच हाय. पन माजं नाव नाय टाकलंस त्यात. ईस वर्सं भाजी घालतंय तुला.”

दोन दिवसांत एकेचाळीस फोन आले. नेरळच्या माझ्या चुलत नणंदेने तर विचारलं, की लू घराण्याचा आचारी तिच्यापेक्षा जवळचा कधीपासून झाला. प्रत्येकाला मी नव्वद अध्यायांचा सारांश सांगितला. कुणी ऐकला नाही.

तेव्हा तात्या, राग सोडा. पुस्तकात यादी साधी, वर्णानुक्रमे देईन. माझं मागणं काहीच नाही.

तुमची धाकटी बहीण,
विमल

ता. क. लग्न नाही असं वर लिहिलं आहे. लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होते, तर तनया समोर येऊन बसली. म्हणाली, “आई, एकेचाळीस फोन आले. चिनी जावई एकालाही खटकला नाही. सगळे आपलं नाव का नाही म्हणून भांडले. मग शेलूचा स्वप्नील कुणाला खटकणारे?”

स्वप्नील शेतकऱ्याच्या घरातला, आपल्या जातीचा नाही, रसायनीला केमिस्ट आहे. मुलगा चांगला आहे. दोन वर्षं ती गप्प होती, कारण तुमची भीती: मामा मांडवात येणार नाही. (जातीवर मी गावोगाव भाषणं ठोकते, आणि पोटच्या पोरीला मला हे सांगायला चिनी आडोसा लागला. फार लागलं मला ते.)

छापलेल्या तारखेचा खुलासा करायला हॉलवर फोन केला होता, तर सहा तारीख खरोखरच मोकळी निघाली. मी ती घेतली.

मुलीला बोहल्यावर मामा नेतो, आणि तनयाला मामा एकच आहे. नव्या पत्रिकेत निमंत्रकाची जागा मी कोरी ठेवायला सांगितली आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला किरणच्या छापखान्यात या, चष्मा आणा, आणि तिथे तुमचं नाव तुमच्या हाताने लिहा.